चार बोटं पुढे

अनिलने खिळ्यावरची शेवटची दोरी उतरवली आणि धाऊच्या जीपमध्ये वाकून तळाच्या नव्या पत्र्यावर ताणली. गाठ जिथे आली तिथे खडूने फुली मारली. ड्रिल फिरलं, बोल्ट बसले, सीट पक्की झाली.

"झालं, काका. मिस्त्रीच्या मापानं. तसूभर इकडं नाय की तिकडं नाय."

दहा वाजत आले होते. मुरबाडच्या ज्या कंपनीत अनिलला नोकरी लागत होती, तिचं फाटक बाराला बंद होणार होतं. आज कागद घेऊन आत गेला तो कायम झाला. नाही गेला, त्याची जागा दुसऱ्याला. आणि एकदा आत गेलेल्याला डॉक्टर, फोटो, सह्या उरकेपर्यंत संध्याकाळ. धाऊची जीप मुरबाडवरूनच म्हशा गावाला जाणार होती, म्हणून अनिलने त्याचं काम मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

सापगावच्या या शेडमध्ये कोंडू मिस्त्रीने लष्कराच्या भंगारातल्या अकरा जीपा कापल्या, लांबवल्या, डिझेल इंजिनं घालून उभ्या केल्या. शहापूरपासून म्हशापर्यंत कुणीही जीप बांधली की लोक आधी विचारायचे, कोंडूसारखी झालीय का? मिस्त्रीची सीट सरकत नसे. गिऱ्हाइकाला पालथ्या डब्यावर बसवायचं, कमरेपासून टाचेपर्यंत दोरी धरायची, गाठ मारायची आणि त्या मापाने सीट जन्माची ठोकायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "दुसऱ्याची चप्पल घालतोस का रे? मग गाडी कशाला?"

तोंड असं, की गाडी आवडल्याशिवाय दुसऱ्यांदा कुणी आलं नसतं. त्याच्या हाताखालच्या अठरा वर्षांचा हिशेब अनिलला पाठ होता. शिव्या अगणित, अंगावर भिरकावलेले लोखंडी पाने सात, शाबासकी शून्य. एकदाच 'बरंय' म्हणाला होता, ते चहाला.

मिस्त्री गेला त्याला वर्ष झालं, पण जीपवाले दुसरीकडे जाईनात. दोन वेळा अनिलने शेडला कुलूप लावलं, दोन्ही वेळा ते घरी येऊन ओटीवर बसले. बायको, शीतल, चहा करून दमली. मग त्याने युक्ती काढली. ज्याची दोरी त्याच्या हातात द्यायची.

"मिस्त्री आता या दोरीत आहे. कुठल्याबी वेल्डरकडं जा. पण माप हलवू द्यायचं नाय, कुणी कितीबी शहाणपणा सांगू दे. म्हसोबाची आण."

एकेकाने दोरी कपाळाला लावून खिशात घातली. दहा दोऱ्या गेल्या, आणि दर दोरीमागे अनिलला शेडचं दार हातभर रुंद झाल्यासारखं वाटलं.

धाऊ चढून सीटवर बसला. ब्रेकवर पाय ठेवला. पुन्हा ठेवला.

"काय रे, ब्रेक लांब गेला काय?"

"ब्रेक कुठं जाईल? दाबा नीट."

"दाबतोय की. अर्ध्यातच राहतोय."

अनिलने वाकून पाहिलं. धाऊचा पाय चवड्यावर उभा होता. गुडघा त्यापुढे सरळच होत नव्हता. अनिलने दोरी पुन्हा लावली. माप बरोबर होतं.

शेडच्या कोपऱ्यात सकाळी कापून काढलेला जुना पत्रा पडला होता. त्याने तो उचलून गंज झटकला आणि पालथा केला. बोल्टांच्या भोकांची एक जोडी वेल्डिंगने बुजवलेली. तिच्या एक बोट पुढे दुसरी, बुजवलेली. मग तिसरी, मग चौथी. उघडी होती ती पाचवी. वरून सगळं घासून, रंग मारून सपाट.

"काका, म्हशाची जत्रा झाल्यावर मिस्त्री दरसाल गाडी ठेवून घ्यायचा. काय करायचा?"

"मला काय ठावं? आदी बसायला सांगायचा, मग शिव्या घालून हाकलायचा. म्हणायचा, तुजं तोंड बघून इंजिन बिघडतं." धाऊ हसला. "पन गाडी घेऊन निघालो की बरं वाटायचं. मी म्हनायचो, गाडी सुदारतेय."

त्या दिवशी अनिललाही डिझेल आणायला शहापूरला पिटाळलं जायचं. दरसाल. त्याला वाटायचं, मिस्त्रीला आपलं तोंड नको असतं.

दोरी तरुण धाऊच्या पायाची होती. अनिलने सीट काढली, चार बोटं पुढे नवी भोकं पाडली. धाऊचा पाय पेडलवर गेला तो थेट तळाला.

"हां! आता झाली कोंडूची."

अनिलने कागदांची पिशवी घेतली आणि त्याच्या शेजारी बसला. शेणवा गाव मागे पडलं. मग अनिल म्हणाला, "जीपवाल्यांत सगळ्यात म्हातारा नवशा. त्याची जीप कुठं असते?"

"म्हशालाच. पत्रा सडलाय त्याचा पन. काल स्टँडवर भेटला, म्हनाला, उद्या बारा वाजता वेल्डरकडं लावतो, म्हंजी आजच. तू दिलेली दोरी दाखवली मला. देवाच्या फोटोमागं ठेवलीय."

"वेल्डर जुना पत्रा कापून भंगारात टाकणार."

"टाकनारच की."

"मग मिस्त्रीनं त्याची सीट किती बोटं सरकवली होती, ते कुणालाच कळणार नाय."

धाऊ नवशापेक्षा दोन-चार वर्षांनी धाकटाच होता. त्याने ब्रेकवरच्या पायाचा गुडघा चोळला. "मी सांगतो नवशाला. तू जा तुज्या कंपनीत."

"ऐकेल तुमचं?"

धाऊने मान हलवली. "तू म्हसोबाची आन घातलीस रे. मी असतो तर नसतं ऐकलं."

मुरबाड आलं. कंपनीचं फाटक उघडं होतं. बाहेर पिशव्या घेतलेली पंधरा-वीस माणसं रांगेत उभी होती आणि वॉचमन एकेकाला आत घेत होता. साडेअकराला पाच मिनिटं कमी होती.

धाऊने जीप हळू केली.

"थांबवू?"

अनिलने रांगेकडे पाहिलं. शेवटच्या माणसामागे एकाची जागा सहज होती.

"आणि बाकीचे नऊ," तो म्हणाला, "ते या टायमाला कुठं-कुठं असतात?"

धाऊने त्याच्याकडे न बघता गिअर बदलला, जीप पुढे काढली आणि एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली.