दंडाच्या बाबीतली तूट

करंजवडी संस्थानाचं त्या सालचं अंदाजपत्रक आण्यापैशासह जुळलं, आणि ते जुळवून देणारे फौजदार हंबीरराव बडतर्फ झाले. हे वाचलंत तरी तूर्त वाचलं नाही असं धरा. तसं काही झालेलंच नाही. फेब्रुवारी सरत आलाय, हंबीरराव अजून फौजदार आहेत आणि टोपी काखेत धरून दिवाणसाहेबांपुढे उभे आहेत.

करंजवडी म्हणजे सातारा जिल्हा सरला आणि सांगली संस्थान अजून लागलं नाही, अशा फटीत राहिलेलं राज्य. मोटार जोरात असली तर येऊन गेलेलं कळत नसे. पण राज्य म्हटलं की अंदाजपत्रक आलं, आणि दिवाणसाहेबांचं अंदाजपत्रक बैलजोडीसारखं होतं. ज्या खर्चाच्या शेजारी जमा जुंपलेली नाही तो खर्च गोठ्यातून बाहेर काढायचाच नाही. गुळाच्या बाजारावर शाळा चाले, बाभळींच्या लिलावावर दवाखाना. शेतसाऱ्यावर श्रीमंतांचा वाडा. आणि रयतेनं केलेल्या गुन्ह्यांच्या दंडावर फौजदार.

ही शेवटची जोडी बरीच वर्षं बिनतक्रार चालली. गुंडा आणि सिद्धू हे चुलतभाऊ दर बाजारी एकमेकांची डोकी फोडत, दंड भरत आणि एकाच गाडीत बसून घरी जात. तेवढ्यात फौजदारांचा अर्धा पगार निघे. मग महायुद्ध आलं. श्रीमंतांनी पलटणीला माणसं द्यायचं मनावर घेतलं, आणि हंबीररावांनी गावोगाव हिंडून, अंगात रग असलेला एकेक गडी हेरून भरतीला धाडला. वरून शाबासकीचं पत्र आलं, ते चौकटीत घालून कचेरीत लावलं. त्यानंतर राज्यात भांडायला कोणी उरलं नाही. वर्षभरात दंड झाला तो एक, केरबाची म्हैस वाड्याच्या बागेत शिरली म्हणून. तोही म्हैस गाभण आहे असं कळल्यावर श्रीमंतांनी निम्मा माफ केला.

दिवाणसाहेबांनी चष्मा पुसत हिशेब सांगितला. दंडाच्या बाबीत दोनशे चाळीस रुपयांची तूट होती. त्यामुळे फौजदारांचा सहा महिन्यांचा पगार अडकलेला होता, आणि मार्चअखेर तूट भरून निघाली नाही तर पुढच्या सालात फौजदाराची जागाच धरता येणार नव्हती.

"आवं पन साहेब, गुन्हं हुईनात ते माज्या कामानंच न्हवं?" हंबीरराव म्हणाले.

"म्हणूनच तर. भिंत पुरी झाली की गवंड्याला कोण ठेवून घेतं?"

जागा गेली की कचेरीमागचं घरही जाणार होतं, आणि या वयाच्या माणसाला दुसरं कुठलं संस्थान नव्यानं फौजदार करून घेणार? हंबीररावांनी टोपी घातली आणि गुन्हा मागायला निघाले.

चार घरी नकार मिळाल्यावर त्यांना धुळा भेटला. पूर्वेच्या दुष्काळी भागातून मेंढरं घेऊन उतरलेला धनगर. फौजदारांनी त्याला सरकारी बाभळबनात मेंढरं घालायला सांगितलं.

"न्हाई वो साब. गुन्हा हाय त्यो."

"म्हनून तर घाल म्हंतोय. मी यिऊन तुला धरतो."

"आन दंड?"

"त्यो तू भरायचा, गड्या. न्हाईतर मग त्यो गुन्हा कसला?"

धुळानं पुष्कळ विचार केला. फौजदाराला नाही म्हणणं हाही कुठलातरी गुन्हा असेलच, असं वाटून त्यानं दोन रात्री मेंढरं बनात बसवली. हंबीररावांनी त्याला मोठ्या प्रेमानं पकडून दिवाणसाहेबांपुढे उभं केलं. न्यायाधीशही तेच होते. पण त्या मुलखात शेतात मेंढरं बसवली की खताबद्दल धनगराला मोबदला द्यायची रीत, आणि दिवाणसाहेब रीतीचे पक्के. गरिबाचं लेंडीखत सरकार फुकट घेणार नाही, असं म्हणून त्यांनी धुळाला एक रुपया देवविला. तूट दोनशे एक्केचाळीस झाली.

हंबीररावांनी घरी येऊन सुलाबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"मग सोत्तालाच धरा की," त्या म्हणाल्या. "तुमच्यावानी गुन्हेगार म्या तर दुसरा बगितला न्हाई."

टोमणा होता. हंबीररावांनी तो हुकूम म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते बिनदिव्याच्या सायकलवर बसले. सायकलला दिवा असावा एवढंच कायद्यात होतं, वेळ लिहिलेली नव्हती. मग वाड्याच्या भिंतीवर थुंकले. श्रीमंतांच्या घोड्याला मुजरा केला नाही. बाजारात विनापरवाना आरडाओरडा केला, आणि फौजदार पकडायला आले तेव्हा त्यांच्याशी झटापट केली. सरकारी कामात अडथळ्याचे दहा रुपये वेगळे. रोज सकाळी ते आरोपीला हजर करत आणि लगेच पलीकडे जाऊन गुन्हा कबूल करत. दिवाणसाहेब एकदाही हसले नाहीत.

मार्चअखेर दंड दोनशे एक्केचाळीस भरला. जमा झाली तसा अडकलेला पगार सुटला, पगारातून दंड फिटला, आणि खजिन्यातून रुपया हलला नाही. वरचा एक सुलाबाईंनी दुधाच्या पैशांतून दिला. अंदाजपत्रक जुळलं. श्रीमंतांनी दरबार भरवला, आणि पेढ्यांच्या शेजारी जुंपायला जमा नसल्यामुळे सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

एप्रिलात वरून तपासनीस आले. आकडे बघून खूश झाले. मग त्यांनी विचारलं, महिन्याभरात इतक्यांदा शिक्षा झालेला हा हंबीरराव कोण? दिवाणसाहेबांनी ओळख करून दिली. शिक्षा झालेला माणूस पोलिसात राहू शकत नाही, असा नियम होता. संध्याकाळपर्यंत बडतर्फीचा कागद तयार झाला. दिवाणसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. पण गुन्हे वाढल्याचं दिसत होतं, म्हणून पुढच्या सालात त्यांनी दंडाची जमा दुप्पट धरली. फौजदाराची जागा पक्की झाली, फक्त हंबीरराव तीत नव्हते.

सुलाबाई भांडी पोत्यात भरत होत्या. हंबीरराव उंबऱ्यावर बसून अर्ज लिहीत होते:

"मेहेरबान दिवाणसाहेब यांचे सेवेशी. तुरुंगातील कैद्यांच्या शिध्याची रक्कम दरसाल मंजूर होऊन, कैदी नसल्यामुळे पडून राहते. अर्जदार हा संस्थानातील एकमेव सिद्ध गुन्हेगार आहे. तरी अर्जदारास कायम कैदी या जागेवर सपत्नीक नेमावे. मागील नोकरी सलग धरावी. तुरुंगाची भिंत अर्जदाराच्या स्वयंपाकघरास लागून असल्याने मध्ये एक दार पाडण्यास परवानगी द्यावी. आणि वागणूक समाधानकारक राहिल्यास दर तीन वर्षांनी शिक्षेत योग्य ती वाढ मिळत जावी, एवढी मेहेरबानी व्हावी."