बुधवारचा खण

मित्रांनो, एका शिंपीणबाईंचे दोन्ही हात मी वाचवले आहेत. म्हणजे वाचवले औषधाने. मी ते ठेवायची एक जुनी प्लास्टिकची डबी आहे. सात वार, सात खण, सात झाकणं. शुक्रवारचं झाकण तुटलंय, पण शुक्रवारी तसंही औषध नसतं.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, आपले सातही खण कायम भरलेले असतील. नशिबी आल्या या बाई. संधिवाताने त्यांची बोटं सकाळी अशी आखडत, की कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना. कात्री थांबली की दुकानाला कुलूप. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि बजावलं, "ही आठवड्यातून एकदाच, बुधवारी. दुखणं लगेच थांबणार नाही, पण सांधे खाणारा आजार मंदावेल. दोन-तीन महिने धीर धरा आणि रक्त तपासत राहा."

घरात कौतुक व्हायचं ते सोबत दिलेल्या वेदनाशामक गोळीचं. तासाभरात आराम! आत सांधा झिजतोय, हे तिच्या गावीही नसे.

पाचव्या आठवड्यात बाई वैतागल्या. "ही गोळी आहे की खडू? ढिम्म फरक नाही!"

त्यांचे यजमान गोदामातून निवृत्त झालेले. रिकामा खण दिसला की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी माझे सातही खण त्याच गोळ्यांनी भरून टाकले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. गुरुवारी सकाळी त्यांनी मला पाण्याच्या पेल्यासकट बाईंपुढे ठेवलं.

"अहो, कालच तर घेतली."

"कालची काल. रोज घेतलीस तर सातपट लवकर बरी होशील. साधं गणित आहे."

"तुमचं गणित मला आडवं करेल! एकदाच म्हणाल्यात त्या."

"मग बाकीचे सहा खण काय शोभेला?"

बाईंनी फोन लावला. डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्याने बोलल्या, की मलाही ऐकू आलं. हेच औषध रोज घेतलं तर रक्तावर उठतं, तोंड सोलतं, जिवावरही बेततं. यजमानांनी पाण्याचा पेला मागे ओढला. मग सहा गोळ्या परत बाटलीत गेल्या आणि बाईंनी आखडलेल्या बोटांनीच सहा खणांत बटणं भरली.

"घ्या. आता एकही रिकामा नाही."

अकराव्या आठवड्यात त्यांनी जाड कोटाचं कापड सलग कापलं. अंगठा दुखला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं ते कापून झाल्यावर. वेदनाशामक गोळी हल्ली कपाटात पडून असते. बुधवार मात्र एकही चुकलेला नाही.

मित्रांनो, हळू काम करणाऱ्या औषधाला घाई करू नका, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता त्याला सोडूही नका. जमलं तर डबीही पुसत जा.

यजमानांच्या शर्टाचं एक बटण बरेच दिवस सापडत नव्हतं. ते काल सोमवारच्या खणात मिळालं.