रंगपंचमीची चाचणी

मेहविशचा नांदगावला निकाह झाला ते वर्ष २०२५चे. जानेवारीत धाकट्या बहिणीची पाठवणी करून शाझिया नाशिकला परतली आणि मार्चमध्ये तिचे संस्थेशी वाजले.

संस्था पुराचा अभ्यास करणारी, नाशिक रोडच्या बाजूला. तिथल्या सहा सर्व्हरची जबाबदारी शाझियाकडे. धरणाचे पाणी सुटले आणि त्याच वेळी नासर्डी आणि वाघाडी या नद्याही भरून आल्या तर कोणत्या वस्तीत पाणी आधी शिरेल, हे गणित तिला काम शिकवणारे आहेर सर निवृत्तीनंतरही करत होते. गणित अवाढव्य आणि मोकळे सर्व्हर दोनच. उरलेले चार संचालक उज्ज्वला मॅडमनी आपल्या प्रकल्पासाठी अडवून ठेवलेले. प्रकल्प अजून कागदावर होता. सर्व्हर नुसते दिवे लुकलुकवत बसलेले असत. इकडे सरांची फुप्फुसे निकामी होत चालली होती. ते पावसाळा बघतील असे डॉक्टर म्हणत नव्हते.

मार्चअखेर आली तशी मॅडमना खरेदीची घाई झाली. एकच मोठे गणित तोडून सगळ्या सर्व्हरना एकदम वाटून देणारे एक महागडे सॉफ्टवेअर घ्यायचे होते. घेण्यासारखे आहे की नाही, याचा अहवाल शाझियाने द्यायचा.

चाचणी ठेवली ती रंगपंचमीला. सगळी संस्था जुन्या नाशकात रहाडीत, रंगाने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारायला गेलेली. शाझियाचा रोजा, म्हणून ती तेवढी हजर होती. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने सरांच्या गणिताचा एक तुकडा लावला आणि त्याचा चहा संपायच्या आत उत्तर आले.

"हेच तुमच्याकडे दिवसभर रखडतं ना, मॅडम?"

"कुठले सर्व्हर घेतलेत?"

"सगळे. संचालक मॅडमनी आजच्यापुरते उघडून दिलेत."

शाझियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच तुकडा तिने रोजच्या, फुकट मिळणाऱ्या साधनाने त्याच सहा सर्व्हरवर लावला. उत्तर तेवढ्याच वेळात आले.

"तुमचं सॉफ्टवेअर वाईट नाही," ती म्हणाली, "पण हा वेग त्याचा नाही. सहा सर्व्हरचा आहे."

"रोज्यात राग करू नये म्हणतात."

"खोटंही बोलू नये म्हणतात. जा तुम्ही, रंग संपेल तिकडचा."

संध्याकाळी ते चार सर्व्हर पुन्हा बंद झाले.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमच्या कानामागे अजून हिरवा रंग होता.

"दोन ओळी लिही. वेग वाढला, खरेदी योग्य. झालं."

"चार सर्व्हर उघडा, मॅडम. काही विकत घ्यायला लागणार नाही."

"ते माझ्या प्रकल्पाचे आहेत."

"प्रकल्प कुठंय?"

मॅडम हसल्या. "तोंड लय चालतं गं तुझं. हे बघ, सॉफ्टवेअर आलं की सगळे सर्व्हर एकत्र जोडावेच लागतील. पहिलं गणित तुझ्या सरांचं लाव. एप्रिलमध्ये उत्तर मिळेल त्यांना. सही केलीस तर."

ती तिथून तडक गंगापूर रोडला सरांच्या घरी गेली. नाकात ऑक्सिजनची नळी लावून सर खुर्चीत बसले होते. तिला वाटले होते, ऐकून सर मॅडमवर भडकतील. ते तिच्यावरच भडकले.

"मग सही कर ना. विचारायला काय आलीस?"

"सर, ते खोटं आहे."

"मला माहीत आहे ते खोटं आहे. मीच शिकवलंय तुला ओळखायला." त्यांना धाप लागली. "आयुष्यभर खरं लिहिलं मी. दोन सर्व्हर मिळाले. आता मला उत्तर बघायचंय."

सरांच्या पत्नी आशाकाकू तिला सोडायला दारापर्यंत आल्या. "दोन ओळींनी कुणाचं काय जातंय गं? बघून तरी जातील."

शाझियाला रात्रभर झोप लागली नाही. राग कुणाकुणाचा करायचा हेच तिला कळेना. दार मॅडमनी अडवायचे, मॅडमनीच उघडायचे आणि त्याचे मोल तिने आपल्या नावाने खोटे लिहून द्यायचे. एकदा दिले की दर मार्चला द्यावे लागेल. पण सरांना पुढचा मार्च नव्हता, हेही तिला दिसत होते.

सकाळी तिने अहवाल लिहिला. सॉफ्टवेअर चांगले आहे, आपल्याला नको. वेग सहा सर्व्हर उघडल्याने आला. चार विनाकारण बंद आहेत, ते उघडावेत. खाली सही केली.

खरेदी बारगळली. मॅडमनी सर्व्हर उघडले तर नाहीतच, शाझियाला दुसऱ्या विभागात हलवले. सरांचे गणित दोन सर्व्हरवर रांगेत रखडत राहिले. सरांनी तिचा फोन घेणे सोडले. ईदनंतर ती शिरखुर्म्याचा डबा घेऊन गेली, तर काकूंनी तो दारातच घेतला आणि म्हणाल्या, "आत नको येऊस. चिडतात, मग श्वास पुरत नाही."

ती जिन्यातच उभी राहिली. आतून सरांचा आवाज आला, "कोण आहे?" काकू म्हणाल्या, "कुणी नाही."

सोमनाथ आहेर सर ११ मे २०२५ रोजी, रविवारी सकाळी, राहत्या घरी वारले. गणिताचे उत्तर तोवर आले नव्हते.