बावीस बायांचं वाळवण

सकाळी सकाळी कारखान्याच्या दाराला कागद चिकटला आणि बायांच्या तोंडचा चहा कडू झाला.

केनियातल्या न्येरीच्या उतारावरचा हा सोसायटीचा कॉफीचा कारखाना. धुतलेल्या बिया अकरा लांबच लांब टेबलांवर वाळायच्या. एकेका टेबलाला दोन बाया, अलीकडं एक नि पलीकडं एक. तिसऱ्या टेबलाला वांजुगू आणि न्यागुथी. पंधरा वर्षं दोघी समोरासमोर उभ्या राहून बिया चाळवत होत्या, खराब बी वेचत होत्या आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढत होत्या.

सोमवारपासून कामावर ठेवायच्या बायांची कागदावर अकराच नावं होती. वांजुगूचं होतं, न्यागुथीचं नव्हतं.

"वाच की गं नीट," न्यागुथी म्हणाली. "खालच्या अंगाला आसंल."

"खालच्या अंगाला सायबाची सही हाय."

न्यागुथी हसायला गेली, पण हसू काही आलं नाही. "सोमवारपास्नं घरी बसून मी करू काय? म्हाताऱ्याचं खोकणं मोजू?"

वांजुगूचं डोकं सणकलं. ती तशीच मातीनं भरलेल्या पायांनी हापिसात शिरली. गिचुही साहेब महिन्यापूर्वीच नैरोबीहून मॅनेजर म्हणून आलेला. माणूस वाईट नव्हता बिचारा, पण हातात सदा घड्याळ आणि वही.

"सायेब, ह्या अकरा बायांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"वांजुगूबाई, मी तीन दिवस बघितलंय. बरोब्बर बारा वाजता. बिया झाकलेल्या, आणि बावीसच्या बावीस बाया झाडाखाली टोपल्या विणतायत! निम्म्या जास्तच आहेत."

वांजुगूनं कपाळाला हात लावला. भर उन्हात बी तडकतं, म्हणून अकरा ते दोन ते झाकूनच ठेवायचं असतं. हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक. आणि ह्या शहाण्यानं मोजायला नेमकी तीच वेळ धरली होती.

"कुनाला इच्यारलं का?"

"विचारायचं काय त्यात? मोजलं की!"

तोंडाशी आलेली शिवी तिनं गिळली. "बरं. मग सोमवारची वाट कशाला बगायची? आजच करून बगू. कागदावरच्या अकरा कामाला, बाकीच्या झाडाखाली."

साहेब खूश झाला. वांजुगू बाहेर आली नि बायांना म्हणाली, "मी हाक मारल्याबिगर कुनी उठायचं न्हाई."

"आगं पन पाऊस आला तर?" गाथोनी म्हणाली. तिचंही नाव कागदावर नव्हतं. "बिया आपल्याच हायत की! पाचव्या टेबलावर माझ्याच रानातल्या पडल्यात."

वांजुगूलाही तीच धास्ती होती. वर्षभर खपून पिकवलेलं, एका सरीनं बुरशीला जायचं. पण समोर न्यागुथीचं उतरलेलं तोंड होतं. "बसा म्हनलं की बसा," ती म्हणाली.

दोन वाजता ताडपत्र्या निघाल्या आणि तीनच्या सुमाराला न्यांदारुआच्या डोंगरावरनं काळाकुट्ट ढग खाली सरकला. लाल धुरळा उडाला. अकरा बाया अकरा ताडपत्र्या ओढायला धावल्या. एक टोक धरलं की दुसरं उडायचं, दुसरं धरलं की पहिलं तोंडावर फाडकन बसायचं. सातव्या टेबलाची ताडपत्री तर थेट कुंपणावर जाऊन बसली. झाडाखाली अकरा बाया मान खाली घालून घायपाताचा दोरा वळत होत्या. गाथोनीला काही बसवेना, न्यागुथीनं तिचा हात धरून ठेवला होता.

गिचुही साहेब धावत आला नि तिसऱ्या टेबलाचं पलीकडचं टोक त्यानं धरलं. वाऱ्यानं त्याला असा ओढला, की चष्मा बियांत आणि साहेब चिखलात.

"अहो उठा ना! बसलाय काय?" तो झाडाकडं बघून ओरडला.

"आमचं नाव न्हाई जी कागदावर," न्यागुथी तिथूनच म्हणाली. "घरी जायाची तयारी चाललीया!"

पहिला थेंब वांजुगूच्या हातावर पडला. तिचा जीव नुसता तुटत होता. "सायेब, बोला लवकर! उद्या ह्या कामाला येनार का न्हाई?"

"येणार! सगळ्या येणार!"

"आन् सोमवारी?"

"अहो सोमवारी पण! कागद फाडतो मी तो!"

"न्यागुथेऽऽ!"

अकरा बाया उठल्या त्या वाऱ्याच्या आधी टेबलाशी पोचल्या. बघता बघता ताडपत्र्या ताणल्या, दगड ठेवले. सातव्या टेबलाचा कोपरा तेवढा भिजला, बाकी सगळं कोरडं. मग पाऊस जो कोसळला, त्यालाही बावीस बायांचं हसणं दाद देईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब वही घेऊन झाडाखाली आला. पालथ्या टोपलीवर बसला आणि म्हणाला, "आता तुम्ही सांगा. काम कसं लावायचं?"

मग काय विचारता! दोन तास नुसता कलकलाट. वारा पहिल्यांदा कुठं घुसतो, कुठली टेबलं आधी झाकायची, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचं कुणाशी पटत नाही. दोनदा भांडण झालं, एकदा गाथोनी उठून गेली नि मक्या-घेवड्याची गिथेरी खाऊन परत आली. साहेब लिहितोय, खोडतोय.

शेवटी एकच घोडं अडलं. पाऊस आला की बिया धुवायच्या टाकीत पाणी आणणारा पाट बंद करायला एक बाई पळते, नाहीतर गढूळ पाणी टाकीत शिरतं. तेवढ्या वेळात तिचं टेबल उघडं पडतं.

"तिथं कोण?" साहेबानं विचारलं.

बाया एकमेकींकडं बघून हसल्या. वांजुगू म्हणाली, "तिथं तुमी. ढग दिसला की फोन खाली ठेवायचा नि पळत सुटायचं."

"मी? अहो, मी मॅनेजर आहे!"

"म्हनून तर आधी इच्यारतोय," न्यागुथी म्हणाली. "न्हाईतर आमालाबी दाराला कागद चिकटवता आला आसता."

साहेबानं मान खाली घातली आणि बावीस नावांच्या खाली तेविसावं नाव लिहिलं.