सावलीतला गाल

हरिश्चंद्र मास्तरांनी फळीवर बायकोचं तैलचित्र काढायला घेतलं त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं आणि मथुराबाईंचा अर्धाच चेहरा तयार होता. उजेडाकडचा गाल उत्तम जमला होता. कपाळ, कुंकू, नथ, कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. घोडं अडलं होतं ते सावलीकडच्या गालाशी. तिथं मास्तर काळा रंग घालीत, तो खरवडीत, तपकिरी घालीत, तोही खरवडीत. एकदा शेजारच्या गोदूबाई विरजण मागायला आल्या, चित्रापुढं थबकल्या आणि कळवळून म्हणाल्या, "मथुरे, चुलीत तोंड घातलंस की काय गो?"

त्या दिवशी मथुराबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "आता एकदाच बसेन. तेव्हा तरी जमवा. नाही तर त्या फळीचं मी हंड्यावर झाकण करत्ये."

मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवीत. ड्रॉइंग म्हणजे तांब्या, घडवंची आणि आंब्याचं पान. तैलरंगाची विद्या त्यांनी मुंबईहून मागवलेल्या नळ्यांवरच्या सूचना वाचून संपादन केली होती आणि त्या सूचनांत बायकोचा उल्लेख नव्हता. त्यामुळं एकतीस सालच्या थंडीत मुंबईचे नामांकित चित्रकार केळशीकर रत्नागिरीस येऊन 'यथार्थ व्यक्तिचित्रण' या विषयावर दोन रविवार सप्रयोग व्याख्यानं देणार हे कळलं, तेव्हा मास्तरांना देव पावल्यासारखं झालं. बाकी काही नको, सावलीतला गाल कसा करतात तेवढं डोळ्यांनी बघायचं.

पहिल्या रविवारी रावसाहेब नाचणकर वकिलांचा दिवाणखाना फुलून गेला. उत्तरेच्या खिडकीपाशी कॅनव्हास ठेवायचं तिकाटणं उभं केलं होतं. "मला चारपर्यंतचा उजेड लागतो," असं केळशीकरांनी आधीच बजावलं होतं. मंडळींनी ते अगत्यानं ऐकून घेतलं आणि ईशस्तवनाला सुरुवात केली. मग प्रास्ताविक झालं. मग पाहुण्यांचा परिचय. मग अध्यक्ष रावसाहेब उठले. "मी काही चित्रकलेतला अधिकारी नव्हे," असं ते म्हणाले आणि सूर्य माडांच्या आड जाईपर्यंत त्यांनी ते सिद्ध केलं. नंतर पानसुपारी, अत्तरगुलाब. केळशीकरांनी कोळसा हातात घेतला तेव्हा कॅनव्हास कुठं आहे तेच दिसेना. आभार मात्र सविस्तर झाले.

"शिकलात?" मथुराबाईंनी घरी विचारलं.

"आज भाषणं होती."

"मग आता माझ्या गालावर भाषण काढा!"

दुसऱ्या रविवारी केळशीकरांनी सत्कारच नाकारला. नमुना म्हणून त्यांनी बंदरावरचा दादू खारवी निवडला होता. उन्हानं रापलेला चेहरा, गालावर पांढरे खुंट, सुरकुत्यांचं जाळं. दादू आला तो गुळगुळीत दाढी करून, मुंबईच्या मुलाचा कोट चढवून, तोंडाला पावडर फासून.

"अरे, दाढी कशाला केलीस?" केळशीकर जवळजवळ किंचाळले.

"मग? तसबीर काढायची नि तोंड तसंच आणू?" दादू म्हणाला. "माणसं नावं ठेवतील तुम्हाला!"

केळशीकरांनी कपाळावर हात मारला. "दुसरं कुणी तरी द्या. न हलणारं."

"आमचे मास्तर!" रावसाहेब गरजले. "शाळेत इन्स्पेक्टर आला तरी हे जागचे हलत नाहीत."

"अहो, पण मला बघायचंय!" मास्तर कळवळले.

"बघा की. खुर्चीतून सगळं गाव दिसेल तुम्हाला."

अशा रीतीनं त्या सभेत शिकायला आलेला एकुलता एक माणूस कॅनव्हासच्या पाठीकडं तोंड करून बसला. बाकीची मंडळी चित्रकाराच्या खांद्यावरून डोकावत राहिली. अध्यक्षाची खुर्ची मागं कशी राहणार, म्हणून रावसाहेबांनी ती ओढत आणून मास्तरांच्या अगदी शेजारी मांडली आणि केशरी शाल सावरून ते स्थानापन्न झाले.

केळशीकर बोलत बोलत रंगवू लागले. माणूस बोलण्यातही निष्णात होता. मास्तरांना कॅनव्हासच्या मागचे खिळे दिसत होते.

"आता सावलीची बाजू," केळशीकर म्हणाले. "सगळ्यांत अवघड जागा. भलेभले इथं फसतात. मी काय मिसळतो ते नीट बघा."

मास्तरांची मान आपोआप पुढं गेली.

"मास्तर, हलू नका!" अख्खा दिवाणखाना ओरडला.

"काय मिसळलंत?" मास्तरांनी दातांतल्या दातांत विचारलं.

"बोलू नका. ओठ हलतात."

चित्र झालं, टाळ्या झाल्या. मास्तर अवघडलेले पाय ओढत पलीकडं येईतो चित्राभोवती कडं पडलं होतं आणि दिवे लागले होते. दिव्याखाली सगळाच चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसत होता. त्यांनी पोस्टातल्या सदू कारकुनाला गाठलं. "सावलीत रंग कुठला घातला हो?"

"रंग? मी नाक बघत होतो. डिट्टो तुमचं!"

"काळाच असेल," दुसरा म्हणाला. "सावली काळीच असते."

मास्तर शेवटी केळशीकरांकडं गेले. ते ब्रश पुसत होते. "आत्ता तर एवढं फोड करून सांगितलं!" ते वैतागून म्हणाले. "उद्या दिवसाउजेडी चित्र बघा, कळेल." आणि जेवायला गेले.

सकाळी शाळेआधी मास्तर रावसाहेबांकडं हजर झाले. चित्र भिंतीशी टेकवून ठेवलं होतं. सावलीतल्या गालावर केशरी झाक होती. पानाची पिंक उडाली की काय म्हणून मास्तर वाकून बघू लागले, तोच शाल पांघरून रावसाहेब आले.

"बघितलंत? आमची शाल आणलीय त्यानं तुमच्या गालावर! सावलीत आपला रंग थोडा आणि शेजाऱ्याचा फार, असं तो दोनदा बजावून म्हणाला."

"मग काल मला सांगायचंत!"

"तुम्ही समोरच तर बसला होतात!"

मास्तर तडक घरी आले. शाळेला त्या दिवशी ताप आल्याची चिठ्ठी गेली. मथुराबाई कबूल केल्याप्रमाणं पडवीत नेहमीच्या जागी बसल्या. तीन वर्षांत मास्तरांनी प्रथमच बायकोच्या शेजारी काय आहे ते पाहिलं. केळी होत्या. पानांवर पडलेल्या उन्हाची हिरवी झाक तिच्या गालावर येत होती. त्यांनी भीत भीत हिरवा मिसळला, एक हात मारला, आणि इतकी वर्षं चपटा पडलेला गाल फळीतून वर आला. हनुवटी तेवढी राहिली. मास्तरांना दम निघेना.

"ये, बघ!"

मथुराबाईंनी पाहिलं. "चुलीतून काढलंत नि शेवाळात बुडवलंत?"

"अगं, खराच आहे तो रंग. हा आरसा घे. बस तिथंच, नि बघ."

त्यांनी आरसा धरला. मान इकडं केली, तिकडं केली, बराच वेळ बघितलं. "आहे खरा," त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरांना भरून आलं. डोळे टिपून वर बघतात तो मथुराबाई पाट उचलून माजघराकडं निघालेल्या.

"अगं, चाललीस कुठं? हनुवटी राहिलीय! तिथून उठलीस तर तो हिरवा जाईल!"

"जावा म्हणूनच उठत्ये," मथुराबाई म्हणाल्या.