टर्बो गार होईपर्यंत

चढ निम्मा झाला आणि गाडीने शिट्टी मारली. डॉक्टरांनी पाय उचलला तशी शिट्टी थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा वाजली. गाडी मात्र नुसतीच कुंथत राहिली. मागून पिझ्झाच्या पेट्या लादलेली एक स्कूटर भुर्रकन पुढे निघून गेली, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"टर्बो," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या काकूंना मुलाचं बोलणं आठवलं. परवाच त्याचा फोन झाला होता. टर्बोचं काही निघालं तर त्या गाडीत आता आणखी पैसे घालू नका, मी तुमच्यासाठी विजेवरची बघून ठेवलीय, ना आवाज, ना ऑइल, ना कटकट, असं त्याने बजावलं होतं. आणि उभ्या जन्मात कुणाचं काही न ऐकलेले डॉक्टर त्याला चक्क "बरं" म्हणाले होते. म्हणजे टर्बो गेला की गाडी गेली. आणि गाडी गेली की काकूंची दोन मिनिटं गेली.

या दोन मिनिटांची गंमत अशी. डॉक्टर भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि घरी येऊन स्वतः गप्प बसले. घरात त्यांची शब्दसंपत्ती "हं", "बरं" आणि "मीठ" एवढीच. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या; गल्लीतली मुलं त्यांना अजून हॅलोकाकू म्हणतात. अख्ख्या शहराच्या लाइनी त्यांनी जोडून दिल्या, घरातली एक लाइन काही लागत नव्हती.

दोघं निवृत्त झाली आणि ही गाडी आली. एक लिटरचं पेट्रोल इंजिन, तीन सिलिंडर, एकशेदहा हॉर्सपॉवर. हे सगळं गल्लीला पाठ झालं, कारण कुणी "तब्येत काय म्हणते?" असं विचारलं तरी डॉक्टर गाडीचीच सांगत. एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद कुठून, असं समोरच्याने चुकून विचारलंच तर मग तो गेलाच कामातून. धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा असतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, तोच टर्बो. तो लालबुंद तापतो. दामटून आणलेली गाडी लगेच बंद केली, तर आतलं तेल तापल्या तव्यावर राहिल्यासारखं जळतं आणि त्याचा कोळसा होतो. म्हणून घरी पोचलं की इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून बसायचं. टर्बो गार झाला की मगच उतरायचं. हा नियम.

पहिल्या दिवशी काकू दार उघडायला गेल्या तर डॉक्टरांनी त्यांना हाताने थांबवलं. डावा तळवा स्टिअरिंगवर, पेशंटची नाडी धरल्यासारखा, आणि डोळे मनगटावरच्या घड्याळावर. फाटकासमोर दोघं मुकाट बसून राहिली. काही दिवस असे गेले, आणि एकदा त्या बसण्याचाच संकोच वाटून की काय, डॉक्टर बोलले. आधी शेजाऱ्यांच्या भिंतीबद्दल बोलले. मग कधीतरी आपल्या आईबद्दल. लहान मुलाला भूल देताना आपले हात गार पडायचे आणि ते कुणाला कळू नये म्हणून आपण हातमोजे सगळ्यांच्या आधी चढवायचो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर ते या गाडीत. काकूंना त्या दोन मिनिटांत आपलं नव्याने लग्न ठरतंय असं वाटे. मग त्या रोज काहीतरी संपवू लागल्या. कधी बल्ब, कधी टाचण्या, कधी पोस्टाची तिकिटं, आणि दुकान शक्यतो चढापलीकडचं.

आता यातली खरी गोम. ती फक्त काकूंना ठाऊक होती. गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला डॉक्टर टायर बघत बाहेर उभे होते, तेव्हा गॅरेजवालीने काकूंना सांगितलं होतं, की या गाडीला थांबायबिंबायची गरज नाही. इंजिन बंद झालं तरी एक छोटा विजेचा पंप टर्बोभोवती पाणी फिरवत राहतो, तोच त्याला गार करतो. काकांना तेवढं सांगा. काकू म्हणाल्या, "सांगते हं." आणि सांगितलं नाही. नोकरीत ज्या बाईच्या हातून एक निरोप कधी चुकला नाही, तिने हा निरोप अगदी ठरवून गिळला, आणि त्याचं तिला तिळभर वाईट वाटलं नाही.

शिट्टी वाजवत गाडी कशीबशी फाटकाशी आली. डॉक्टर एवढे हिरमुसले होते की आज काही बोलणार नाहीत असंच काकूंनी धरलं होतं. पण तळवा स्टिअरिंगवर गेला आणि सवयीने तोंडही उघडलं.

"एक न्यायाधीश होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन. मी म्हटलं, साहेब, शंभरपासून उलटे आकडे मोजा. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, आणि..."

घड्याळात दोन मिनिटं झाली. डॉक्टरांनी बटण दाबून इंजिन बंद केलं.

"आणि काय?"

"पुढचं उद्या."

हा माणूस असाच आहे. काकू मनातल्या मनात चरफडल्या. उद्या गाडी राहिली तर ना!

सकाळी गॅरेजमध्ये काकू डॉक्टरांच्या आधी उतरल्या. गॅरेजवाली चाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत, केसांत खोचलेला टेस्टर. तिने गाडी एकदा फिरवून आणली, शिट्टी ऐकली आणि बॉनेट उघडलं. डॉक्टर तिच्या खांद्याशी उभं राहून एकेक दुखणं विचारू लागले, जशी त्यांना आयुष्यभर पेशंटची माणसं विचारत आली होती. टर्बोचं बेअरिंग गेलं असेल का? सील? ती म्हणाली, बेअरिंग गेलं की निळा धूर निघतो, ऑइल कमी होतं. इथे तर दोन्ही नाही. पण बघितल्याशिवाय मी बोलत नाही. डॉक्टरांना हे उत्तर फार आवडलं, कारण ते स्वतः हेच देत असत.

तिने एक यंत्र आणलं. इंजिनकडे हवा नेणाऱ्या पाइपांत ते पांढरा धूर भरतं. पाइप जिथे फुटला असेल तिथून धूर बाहेर येतो. यंत्र घुरघुरू लागलं. डॉक्टर बॉनेटवर वाकले. काकू बॅग पोटाशी घट्ट धरून पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिल्या. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या लोकांना काय होत असेल, ते त्यांना आज कळलं.

आणि मग त्यांच्याच कानांनी ते आधी पकडलं. एक बारीकसा फुसफुस आवाज, डावीकडून.

"तिथे," काकू म्हणाल्या. "खाली, वळणापाशी."

गॅरेजवालीने बॅटरीचा झोत मारला. टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपाच्या घडीत एक चीर होती आणि तिच्यातून धुराची बारीक शेपटी वर येत होती. टर्बो बिचारा इमानेइतबारे हवा कोंबत होता. ती वाटेतच पळून जात होती आणि जाताना शिट्टी वाजवत होती. रबर उन्हातान्हात कडक होतं, मग तडकतं, या गाड्यांना हे होतंच, ती म्हणाली. पाइप बदलला की झालं.

काकूंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "पाइप होता. टर्बो ठणठणीत. विजेवरची तू घे," एवढं म्हणून ठेवलासुद्धा. मग त्यांनी खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या काढल्या आणि गॅरेजमध्ये जो दिसेल त्याला एकेक वाटली. एका गिऱ्हाइकालाही दिली.

नवा पाइप बसला. जाता जाता प्लग बघते, म्हणून तिने एक प्लग काढला आणि उजेडात धरला. टोक काळं झालं होतं.

"काका, गाडी उभी करून इंजिन चालू ठेवता का?"

"दोन मिनिटं. टर्बो गार व्हायला."

"अहो, पण या गाडीला ते लागतच नाही. पंप आहे ना. मी काकूंना पहिल्याच सर्व्हिसिंगला सांगितलं होतं." ती काकूंकडे वळली. "काकू, सांगितलं नाहीत?"

"विसरले असेन," काकू म्हणाल्या.

शाळेतल्या मैत्रिणींचे जुने फोननंबर आजही घडाघडा म्हणणारी बाई हे बोलत होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि काकूंकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले.

आता हे "बरं" कुठल्या जातीचं होतं, हे संसार एवढा मुरूनही काकूंना उमगेना. येताना चढावर गाडी अशी काही सुटली, की डॉक्टरांनी एका स्कूटरला मागे टाकलं आणि आरशात बघून हसलेसुद्धा. काकू हसल्या नाहीत. गाडी वाचली होती. पण ज्यासाठी ती वाचवायची होती, ते काळ्या टोकाच्या प्लगसारखं उघड्यावर आलं होतं. वरून आपण लबाड ठरलो ते वेगळंच.

फाटक आलं. डॉक्टरांनी गाडी लावली आणि थेट बटण दाबलं. इंजिन बंद. तळवा नाही, घड्याळ नाही. काकूंनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"बस की," डॉक्टर म्हणाले.

"आता कशाला?"

"पंप चालू आहे अजून. टर्बो गार कुठे झालाय?"

बॉनेटखालून गुणगुण येत होती, बारीक, एकसुरी, कुणीतरी काम करता करता तोंडातल्या तोंडात सूर धरावा तशी. काकू तशाच थांबल्या, एक पाय आत, एक बाहेर.

"हा रोजच वाजतो?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. माझ्या कानात काय बोळे होते?"

काकूंनी वळून बघितलं. डॉक्टर समोर फाटकाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. काकूंना एकदम एवढं हसू आलं, एवढं भरून आलं, की त्यातलं आधी काय बाहेर येऊ द्यावं तेच कळेना. त्यांनी पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं.

"किती वेळ चालतो हा?"

"चांगला पाचसात मिनिटं. खडा चढ असला तर जास्तच."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. एवढी मिनिटं आजवर फुकट गेली होती.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "तर ते न्यायाधीश. एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'पुढची तारीख.' आणि झोपले."

काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डॉक्टरांनी न्यायाधीशांच्या सर्जनची गोष्ट काढली, त्या सर्जनच्या कुत्र्याची काढली. डॅशबोर्डवरचा फोन थरथरला, पडद्यावर मुलाचं नाव आलं; दोघांनी तो वाजू दिला.

कुत्र्याच्या गोष्टीच्या मध्येच पंप थांबला. काकूंच्या कानांनी तो थांबलेला बरोबर टिपला. त्या काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनीही गोष्ट तोडली नाही. उलट पंपाच्या आवाजावर आपला आवाज चढवावा लागत असल्यासारखे ते जरा मोठ्याने बोलू लागले.