नाल्याकाठचं वासरू

सगळ्या जीवांचं भलं होवो, ही ओळ म्हणून झाली आणि सकाळच्या प्रार्थनेतून दिव्यानी उठून उभी राहिली.

"काका, मंग वासरावर औषध काऊन टाकलं?"

हेमराजच्या हातातली खंजिरी थांबली. देवळासमोर बसलेल्या बायामाणसांनी माना वळवल्या, त्या हेमराजकडे नाही, मनकर्णाकडे. तिने लेकीचा हात धरून खाली ओढला. पोरगी बसेना.

आदल्या रात्री वाघिणीने हेमराजचं वासरू नाल्याकाठी पाडून अर्धं खाल्लं होतं. उरलेलं खायला ती संध्याकाळी येणार, म्हणून उजाडायच्या आत हेमराजने त्याच्यावर कपाशीवर फवारायचं विषारी औषध ओतलं. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, मनकर्णालाही. फक्त बोलायचं नाही, असं ठरलं होतं. मागच्या उन्हाळ्यात तेंदूपाने तोडताना याच वाघिणीने मुखरूला धरलं. मुखरू हेमराजचा थोरला भाऊ, मनकर्णाचा नवरा.

"वयनी, पोरीले समजवा," हेमराज खाली बघत म्हणाला. "भावासाठी केलं मी. हौसेनं नाई."

मनकर्णा लेकीला घेऊन घरी आली. चूल पेटवून तिने भाताचं आधण ठेवलं. दिव्यानी दारातच बसून राहिली.

"तुह्या बापाले खाल्लं तिनं."

"मले मालूम आहे."

"मंग?"

"तिची पिल्लं बी खातीन ते, माय. कोल्हे खातीन. वारलूबाबाचा कुत्रा खाईन. त्यायनं कोनाले खाल्लं?" पोरगी थांबत नव्हती. "बाबा गेल्यावर मी उठत नव्हती, त तू मले ओढून प्रार्थनेले नेत होती. मन साफ राह्यते म्हने. आता म्हन्ते गप बस. मी कोनतं खरं मानू?"

आधण उतू गेलं. राखेत पाणी पडून वाफ उठली, तरी मनकर्णा जागची हलली नाही. मग तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, मिठाचं पोतं डोक्यावर घेतलं आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"पन्न्या घे हाताले बांधाले," ती म्हणाली. "उघड्या हातानं कशालेच शिवू नोको."

नाल्याकाठी औषधाचा वास नाकात झोंबत होता. मनकर्णाने वासराशेजारीच खड्डा धरला. वरची माती भुसभुशीत होती, खाली मुरूम लागला. पदर कमरेला खोचून ती खणत राहिली आणि दिव्यानी पाटीने माती ओढत राहिली. पलीकडच्या काठावर पळसाखाली मागच्या उन्हाळ्यात मुखरूचा देह सापडला होता. त्या बाजूला मनकर्णाने एकदाही पाहिलं नाही.

वासराच्या पायांना दोर बांधून मनकर्णाने फावडं उचललं, तोवर हेमराज माणसं घेऊन पोचला.

"वयनी, काय करून राह्यल्या हे?" त्याने फावड्याचा दांडा धरला.

"सोडा, भाऊजी."

"तुमच्या कुकवासाठी केलं मी! दादाले खांद्यावर मी आनलं घरी. विसरल्या?"

"नाई विसरली. तुमच्या मागंमागं मीच चालत होती."

दांड्यावर चार हात होते. हेमराजचे डोळे भरून आले होते. मनकर्णाचे कोरडे होते.

"उद्या तिनं अजून कोनाले धरलं त?" मागून त्या माणसांतला कोलू म्हणाला. "जबाबदार कोन?"

"वाघिनीले पकडा म्हनून सांगाले आपुन जंगलवाल्यायकडे जाऊ. मी पुढं राहीन. नाई आले त त्यायच्या हापिसासमोर बसीन."

"अन वासराचं विचारलं त?"

"विचारलं त सांगीन."

माणसांत कुजबुज झाली. कोणी घरफोडी बाई म्हणालं, कोणी पोरीच्या नादी लागली म्हणालं. मनकर्णाने ऐकलं आणि दांडा आणखी घट्ट धरला. मग हेमराजचे हात सुटले. तो नाल्याच्या कडेने एकटाच निघून गेला, आणि थोड्या वेळाने बाकीचेही पांगले.

मायलेकींनी वासरू ओढत खड्ड्यात घातलं. त्यावर सगळं मीठ ओतलं, माती लोटली आणि वरून बोराटीच्या फांद्या दगडांनी दाबून ठेवल्या.

गावाबाहेरच्या हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाया त्यांना बघताच घागरी उचलून निघून गेल्या. मनकर्णाने साबणाची वडी लेकीच्या हातात दिली आणि दांडा हापसायला लागली.

"माय," दिव्यानी म्हणाली, "तुह्या मनातला राग गेला?"

"नाई."

"थोडासा बी नाई?"

"मेली असती त मले बरंच वाटलं असतं."

दिव्यानी साबण तसाच धरून आईकडे बघत राहिली. पाणी नुसतंच वाहून चाललं होतं.

"कोपरापर्यंत घास," मनकर्णा म्हणाली, आणि हापसत राहिली.